बिघाडाच्या वहीलाही प्रदर्शनात गुण असावेत

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आमच्या तालुक्यातील विज्ञान प्रदर्शनाचे सविस्तर वृत्त आपण नुकतेच छायाचित्रांसह प्रसिद्ध केले, त्याबद्दल प्रथम आपले आभार मानतो. गच्चीवरची टाकी भरली की मोटार आपोआप बंद करणारी यंत्रणा एकाहून अधिक शाळांनी मांडली होती, हे वाचून मला विशेष आनंद झाला, कारण गेली सहा वर्षे मी स्वतःच्या घरासाठी हीच यंत्रणा करीत, सोडवीत आणि पुन्हा जोडीत आलो आहे. रेल्वेच्या सिग्नल व दूरसंचार खात्यात तंत्रज्ञ म्हणून नोकरी करून मी भुसावळला निवृत्त झालो. आता घरातील एका लहान खोलीत सोल्डरिंगचे सामान, एक मल्टिमीटर आणि सुट्या भागांचे डबे मांडून हा छंद चालवितो. त्या अनुभवातून एक सूचना आपल्या स्तंभातून शिक्षक आणि परीक्षकांपुढे ठेवावीशी वाटते. विज्ञान प्रदर्शनात चालणाऱ्या प्रतिकृतीला जसे गुण मिळतात तसेच गुण बिघाडाच्या वहीलाही मिळावेत. बिघाडाची वही म्हणजे यंत्र कधी बंद पडले, त्या वेळी काय मोजले, आधी कशावर संशय घेतला, तो खरा ठरला की खोटा आणि शेवटी दोष कुठे सापडला, याची तारीखवार नोंद.

ही सूचना मला का महत्त्वाची वाटते, हे टाकीच्याच उदाहरणाने सांगतो. प्रदर्शनात बहुधा दिसणाऱ्या प्रतिकृतीत पाण्यात तांब्याच्या दोन-तीन तारा सोडलेल्या असतात, पाणी तारेला टेकले की अगदी थोडा प्रवाह वाहतो, बीसी ५४७ सारखा लहान ट्रान्झिस्टर तो वाढवितो आणि दिवा लागतो किंवा बझर वाजतो. ही जोडणी शिकण्यासाठी उत्तम आहे आणि दोन दिवसांच्या प्रदर्शनात ती बिनचूक चालते. मात्र तीच जोडणी घरच्या टाकीत तीन महिने ठेवली, तर एकाच दिशेने सतत वाहणाऱ्या प्रवाहामुळे धन बाजूची तार हळूहळू विरघळते, तिच्यावर हिरवट थर धरतो आणि पिण्याच्या पाण्यात तांबे उतरू लागते. आमच्याकडील बोअरचे पाणी जड असल्याने ऋण बाजूच्या तारेवर पांढरा क्षार साचतो, मग पाणी टेकूनही प्रवाह वाहत नाही आणि मोटार थांबत नाही. यावर उपाय आहे. तारा स्टेनलेस स्टीलच्या घ्याव्यात, त्यांना सतत वीज न देता काही सेकंदांनी क्षणभरच द्यावी आणि दर वेळी तिची दिशा उलटी करावी. परंतु उपायाची गरज आहे हे कळण्यासाठी ती तार तीन महिन्यांनी बाहेर काढून पाहिलेली असावी लागते. आपल्या मुलांना तेवढा काळ एखाद्या यंत्राच्या सोबतीने राहण्याची संधी आपण देत नाही, ही माझी खरी खंत आहे.

माझी स्वतःची पहिली यंत्रणा अशीच लवकर बिघडली. आमच्या वसाहतीत नळाला रोज पाणी येत नाही. जे येते ते जमिनीतील हौदात साठवून एक अश्वशक्तीच्या मोटारीने गच्चीवर चढवावे लागते. या मोटारीला चालताना साधारण ५ ते ६ अँपिअर लागतात, म्हणून बाजारात सहज मिळणारा १० अँपिअरचा निळा रिले, म्हणजे थोड्या विजेने चालू-बंद होणारा स्विच, पुरेसा होईल, असे मी धरले होते. पण रिलेवर छापलेला हा आकडा हीटरसारख्या साध्या भारासाठी असतो, आणि मोटार सुरू होण्याच्या क्षणी नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह खेचते. दोन महिन्यांत रिलेचे आतले संपर्क एकमेकांना चिकटून बसले. दिवा विझला, रिलेचा आवाजही आला, आणि मोटार मात्र चालूच राहिली. तेव्हापासून रिले केवळ काँटॅक्टरच्या, म्हणजे मोठा भार सोसणाऱ्या दणकट स्विचच्या, कॉइलला वीज देतो आणि मोटारीचा भार काँटॅक्टर उचलतो, अशी रचना मी केली. ती केल्यावर नवाच त्रास सुरू झाला, कारण काँटॅक्टर सुटताना त्याच्या कॉइलमधून उसळणाऱ्या विजेच्या झटक्याने मायक्रोकंट्रोलर, म्हणजे यंत्रणेचा प्रोग्राम चालविणारी चिप, मध्येच पुन्हा सुरू होऊ लागला. ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि १०० ओहमचा रोध एकापुढे एक जोडून कॉइलला समांतर लावला, तेव्हा तो त्रास थांबला. उन्हाळ्याच्या संध्याकाळी विजेचा दाब १८० व्होल्टपर्यंत उतरतो, त्या वेळी काँटॅक्टर गुणगुणत थरथरतो. त्याची कॉइल नेमलेल्या दाबाच्या ८५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे २३० व्होल्टच्या हिशेबाने सुमारे १९५ व्होल्टपर्यंत खात्रीने ओढली जाईल अशी बांधलेली असते आणि त्याखाली तिचा भरवसा नसतो. दाब २०० च्या खाली असल्यास मोटार सुरूच करायची नाही, एवढी अट मी पुढे प्रोग्राममध्ये घातली.

दुसऱ्या वर्षीची चूक अधिक मोठी होती आणि तिचा भुर्दंड इतरांना पडला. पाण्यात तारा नकोत म्हणून मी ध्वनिलहरींवर चालणारा, पाण्याने खराब न होणारा सेन्सर टाकीच्या झाकणाला आतून लावला. हा सेन्सर ४० किलोहर्ट्झचा, आपल्या कानांना ऐकू न येणारा आवाज खाली सोडतो आणि पाण्यावरून परत येणारा प्रतिध्वनी किती वेळाने आला त्यावरून अंतर काढतो. पाणी झाकणापासून १५ सेंटिमीटरवर आले की मोटार बंद व्हावी, असे मी ठरविले होते. या जातीच्या सेन्सरमध्ये आवाज सोडणारी आणि ऐकणारी चकती एकच असते. देवळातल्या घंटेसारखी ती आवाज सोडल्यावरही क्षणभर घुमत राहते आणि त्या अवधीत परतलेला प्रतिध्वनी तिला ऐकूच येत नाही. त्यामुळे सुमारे २० ते २५ सेंटिमीटरच्या आतले काहीही तिला दिसत नाही. पाणी त्याहून वर चढले तेव्हा सेन्सरने दुसऱ्यांदा उसळून आलेला प्रतिध्वनी ऐकला आणि पाणी ३० सेंटिमीटर खाली असल्याचे कळविले. मोटार चालू राहिली, टाकी भरून ओव्हरफ्लोच्या पाइपातून पाणी गच्चीभर पसरले आणि शेजारच्या वहिनींनी पहाटे उठून धुतल्या साडीवर घातलेल्या ज्वारीच्या बिबड्या त्यात भिजल्या. "काय व्हयनं भाऊ?" असे विचारीत त्या वर आल्या तेव्हा हौदही रिकामा झाला होता आणि दोन्ही घरांचे दोन दिवसांचे पाणी वाहून गेले होते. त्या एका शब्दानेही रागावल्या नाहीत, याचे मला आजही ओझे वाटते. वाळवण पुन्हा घालता येते, परंतु पाणी पुढच्या पाळीपर्यंत मिळत नाही.

त्या रात्री मला माझी नोकरी आठवली. रेल्वेच्या सिग्नल यंत्रणेत पहिल्या दिवसापासून एक गोष्ट मनावर ठसविली जाते, ती अशी की यंत्रणा बिघडली तर ती सुरक्षित बाजूनेच बिघडली पाहिजे. ट्रॅक सर्किटमध्ये रुळांतून थोडी वीज सतत वाहत असते आणि तिच्या जोरावर एक रिले ओढलेला राहतो. गाडीची चाके आली की दोन्ही रूळ त्या चाकांनी जोडले जातात, रिलेला मिळणारी वीज तुटते आणि सिग्नल लाल होतो. तार तुटली, बॅटरी उतरली किंवा सांधा निखळला तरीही रिले खाली पडतो आणि सिग्नल लालच होतो. कर्मचाऱ्याला दोष शोधायला धावावे लागते, गाडीला उशीर होतो, पण बिघाडामुळे हिरवा दिवा लागत नाही. आयुष्यभर ज्या तत्त्वावर काम केले ते घरची मोटार जोडताना मला सुचले नाही, याचे कारण मी तयार मिळालेल्या प्रोग्रामवर विसंबलो होतो. त्यानंतर मी सगळी रचना या दृष्टीने पुन्हा तपासली. आता सेन्सरकडून उत्तर आले नाही तर मोटार थांबते, दोन लागोपाठच्या मोजमापांत अशक्य वाटावी एवढी तफावत आली तर थांबते, नेहमी टाकी भरायला लागणाऱ्या वेळेच्या सव्वापट वेळ झाला तरी थांबते, आणि मायक्रोकंट्रोलरच गोठला तर त्याच्या आतला वॉचडॉग त्याला पुन्हा सुरू करतो व सुरुवातीची स्थिती नेहमी मोटार बंद अशीच असते. पाणी झाकणापासून ३० सेंटिमीटरवर असतानाच मोटार बंद करण्याचे मी मान्य केले आणि तेवढी टाकी रिकामी सोडली. त्याशिवाय प्रोग्रामशी काहीही संबंध नसलेला, १२ व्होल्टवर चालणारा एक साधा फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगून चालू-बंद होणारा) वरच्या पातळीला स्वतंत्रपणे लावला.

आता ज्या बिघाडाने मला वहीचे खरे मोल शिकविले, त्याविषयी जरा विस्ताराने लिहितो. तिसऱ्या वर्षी यंत्रणा नीट चालू झाली आणि हिवाळाभर पातळीचे आकडे जवळजवळ बिनचूक येत राहिले. मे महिन्यात मात्र दुपारी टाकीत असलेल्या पाण्यापेक्षा जास्त पाणी दिसू लागले. मी आधी सेन्सरवर संशय घेतला आणि तो बदलला, तरी फरक पडला नाही. मग त्याला मिळणाऱ्या विजेचा दाब मोजला, तो बरोबर होता. नंतर झाकणाच्या आतल्या बाजूला साचणारे दवाचे थेंब पुसून पाहिले, लांब वायर बदलली, प्रोग्राममध्ये एकाऐवजी अकरा मोजमापे घेऊन त्यांतले मधले घेण्याची सोय केली. यांपैकी कशानेही चूक गेली नाही, आणि प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशी सकाळी पाहावे तर आकडा पुन्हा बरोबर आलेला असे, त्यामुळे शेवटी केलेल्या बदलानेच दुरुस्ती झाली असा माझा समज होई. हे फार फसवे असते. एखादा दोष आपोआप जात-येत असेल, तर माणूस शेवटच्या बदलाला श्रेय देऊन मोकळा होतो.

अखेर मी बदल करणे थांबविले आणि वही काढली. एका सरळ काठीवर सेंटिमीटरच्या खुणा केल्या आणि अकरा दिवस रोज सकाळी सहा, दुपारी दोन आणि रात्री नऊ वाजता ती टाकीत सोडून खरे अंतर आणि सेन्सरचे अंतर शेजारी शेजारी लिहिले. त्याच ओळीत, केवळ सवयीने, हवेचे तापमानही लिहीत गेलो. पाचव्या-सहाव्या दिवशीच रकाने बोलू लागले. सकाळी फरक अगदी थोडा, रात्री मध्यम आणि दुपारी सर्वाधिक, आणि ज्या दिवशी ऊन जास्त त्या दिवशी फरकही जास्त. दोष यंत्रात नव्हताच. हवेतील आवाजाचा वेग तापमानानुसार बदलतो, हे मी शाळेत शिकलो होतो. शून्य अंशाला तो सेकंदाला सुमारे ३३१ मीटर असतो आणि दर अंशाला साधारण ०.६ मीटरने वाढतो. जगभर वापरल्या जाणाऱ्या तयार प्रोग्राममध्ये तो ३४३ मीटर धरलेला असतो, जो २० अंश तापमानाला बरोबर आहे. आमच्या गच्चीवरच्या काळ्या टाकीत, पाण्याच्या वरच्या हवेत, मे महिन्यातील दुपारी ४५ अंश असतात आणि तिथे आवाज ३५८ मीटरच्या वेगाने जातो. प्रतिध्वनी लवकर परततो, म्हणून प्रोग्रामला पाणी जवळ आल्यासारखे वाटते. पाणी खरोखर १२० सेंटिमीटरवर असेल तर त्याला ते ११५ वर दिसते, आणि हजार लिटरच्या टाकीत हे ५ सेंटिमीटर म्हणजे जवळपास ४५ लिटर पाणी होते. पाणी जपून वापरणाऱ्या घरात एवढी चूक लहान नाही.

उपाय अगदी स्वस्त होता. डीएस१८बी२० नावाचा एक लहान तापमापक टाकीच्या झाकणाजवळ लावला, त्याच्या डेटाच्या तारेला ४.७ किलोओहमचा रोध जोडला आणि वेगाचा आकडा प्रोग्राममध्ये कायमचा न लिहिता दर वेळी तापमानावरून काढण्याची एक ओळ घातली. त्या दिवसापासून काठी आणि सेन्सर यांच्यात एका सेंटिमीटरहून अधिक अंतर पडलेले नाही. मला सांगायचे आहे ते असे की हा दोष थंड प्रदेशात बसून प्रोग्राम लिहिणाऱ्याला सहसा दिसणार नाही. तो भुसावळ, जळगाव, चोपडा, शिरपूर अशा ठिकाणीच मे महिन्यात दिसेल. म्हणजे तो शोधण्याची संधी आपल्या मुलांपाशी आहे, आणि खानदेशातील ऊन हे त्यांच्यासाठी एक चांगली प्रयोगशाळा आहे. एखाद्या मुलाने हा फरक मोजून, त्याचा आलेख काढून प्रदर्शनात ठेवला, तर माझ्या मते तो दहा चालत्या प्रतिकृतींपेक्षा मोलाचा ठरेल.

उन्हाचा आणखी एक परिणाम थोडक्यात सांगतो. मायक्रोकंट्रोलरला वीज देणारा ५ व्होल्टचा अडॅप्टर मी गच्चीवर एका बंद प्लास्टिक पेटीत ठेवला होता आणि तो दर सहा महिन्यांनी बंद पडे. पेटी उघडून तापमान मोजले तर दुपारी ते ६५ अंशांच्या आसपास होते. अडॅप्टरमधील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर ८५ अंशांना १००० तास, अशा जातीचे होते. अशा कपॅसिटरचे आयुष्य तापमान १० अंशांनी उतरले की साधारण दुप्पट होते, या ठोकताळ्याने ६५ अंशांना ते ४००० तास, म्हणजे अहोरात्र चालवल्यास साडेपाच महिने टिकणार. तेच जर १०५ अंशांना २००० तास या जातीचे घेतले, तर त्याच हिशेबाने ३२,००० तास, म्हणजे साडेतीन वर्षांहून अधिक टिकतात. किमतीतील फरक किरकोळ आहे. मी कपॅसिटर बदलले आणि पेटीही जिन्याच्या खोलीत सावलीला आणली. घरातील इंटरनेटचा राउटर, कूलरच्या पंपाचा टायमर किंवा एलईडी दिवे उन्हाळ्यात वारंवार जात असतील, तर वाचकांनी प्रथम तो भाग कुठे ठेवला आहे आणि तिथे किती तापते, हे पाहावे.

याच ठिकाणी सुरक्षिततेविषयी दोन शब्द लिहिणे मला माझे कर्तव्य वाटते, कारण प्रदर्शनातील उत्साहाने मुले घरी २३० व्होल्टच्या जोडणीला हात घालतात. मुलांनी प्रयोग ५ किंवा १२ व्होल्टवरच करावेत आणि घरच्या विजेची जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी. प्रत्येक घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असावा. पुष्कळांचा असा समज असतो की एमसीबी आहे म्हणजे शॉक लागणार नाही. १६ अँपिअरचा एमसीबी तारा तापून आग लागू नये म्हणून असतो. माणसाच्या शरीरातून त्याच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी प्रवाह गेला तरी जीव जाऊ शकतो आणि तेवढ्याने एमसीबी हलतही नाही. आरसीसीबी फेजमधून गेलेली आणि न्यूट्रलमधून परतलेली वीज सतत ताडून पाहतो, आणि त्यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे वीज तिसऱ्याच वाटेने जमिनीत जाऊ लागली, की तत्काळ पुरवठा तोडतो. त्यावरचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. आपल्याकडे उन्हाळ्यात घरोघरी पत्र्याचे कूलर असतात, त्यांच्या पंपाची वायर उन्हाने तडकते, खाली पाणी असते आणि मुले अनवाणी खेळत असतात, हे लक्षात घेतले तर या उपकरणाचा खर्च कुणालाही जड वाटू नये. आपली काळी जमीन मे महिन्यात भेगाळते, अर्थिंगच्या पट्टीभोवतीची माती तिला सोडून सरकते आणि अर्थिंग असून नसल्यासारखे होते, म्हणून त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घालीत जावे.

आता माझ्या सूचनेकडे परत येतो. माझा नातू आठवीत आहे. त्याने या वर्षी प्रदर्शनासाठी रोपांना ओल पाहून पाणी देणारी लहान यंत्रणा केली. ती घरी वारंवार अडे. पंप सुरू झाला की मायक्रोकंट्रोलर बंद पडून पुन्हा सुरू होई. मी उत्तर सांगितले नाही. रेल्वेत आम्हाला शिकविलेली एक रीत तेवढी त्याला दाखविली. सोळा दुवे असलेल्या लांब साखळीत कुठे तरी दोष असेल, तर एका टोकापासून तपासत न जाता मध्यावर मोजावे. मध्यापर्यंत ठीक असेल तर दोष पुढच्या अर्ध्यात असतो, मग त्याच्या मध्यावर मोजावे, आणि अशा रीतीने चार मोजमापांत नेमका दुवा सापडतो. चौथ्या दिवशी त्याने स्वतः शोधले की पंप आणि मायक्रोकंट्रोलर एकाच चार्जरवर जोडले होते आणि पंप सुरू होताना दाब ५ वरून ३.९ व्होल्टपर्यंत कोसळत होता. त्याने दोघांचा पुरवठा वेगळा केला, ऋण तार तेवढी सामाईक ठेवली आणि यंत्रणा नीट चालू लागली. हे सारे त्याने आकृत्यांसह वहीत लिहिले होते. प्रदर्शनात परीक्षक आले, त्यांनी प्रतिकृती चालते आहे हे पाहिले, दोन प्रश्न विचारले आणि ते पुढे गेले. वही दप्तरातच राहिली. त्याची निवड झाली नाही, याबद्दल माझी कसलीही तक्रार नाही, आणि परीक्षकांचा तर मुळीच दोष नाही, कारण त्यांच्या हातातील गुणपत्रिकेत अशा वहीसाठी रकानाच नव्हता. माझे म्हणणे त्या रकान्यापुरतेच आहे.

एकूण गुणांपैकी निदान पाचवा हिस्सा या वहीसाठी राखून ठेवावा, असे मला वाटते. मुले खोट्या वह्या लिहून आणतील, अशी शंका काही शिक्षक मित्रांनी माझ्यापाशी बोलून दाखविली. तशी भीती मला फारशी वाटत नाही, कारण खोटी वही ओळखणे सोपे आहे. तिच्यात पहिलाच संशय खरा ठरलेला असतो आणि सगळे आकडे पूर्णांकांत असतात. ज्याने खरोखर शोध घेतला आहे त्याला "तुझा कोणता अंदाज चुकला?" एवढे विचारले की तो पाच मिनिटे बोलायचा थांबत नाही. दुसरी अडचण वेळेची आहे, ती खरी आहे. प्रदर्शनाच्या आदल्या पंधरवड्यात प्रतिकृती करून ती वही भरता येत नाही. तीन-चार महिने आधीपासून ते काम सुरू व्हावे लागेल. नीती आयोगाने २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅब सुरू केल्या असून सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी अनेक शाळांत त्या उभ्या राहिल्या आहेत. जिथे अशी प्रयोगशाळा आहे तिथे गेल्या वर्षीची बंद पडलेली प्रतिकृती फेकून न देता यंदाच्या मुलांच्या हाती द्यावी आणि ती का बंद पडली हे शोधायला सांगावे. जिथे नाही, तिथे एक साधा मल्टिमीटर आणि घरातून आणलेला बिघडलेला मोबाइल चार्जर, रिमोट किंवा टेबल फॅन एवढ्यावरही पुष्कळ शिकता येते. फॅन किंवा चार्जर उघडताना तो विजेपासून वेगळा केलेला असावा आणि आतील मोठ्या कपॅसिटरमध्ये साठलेली वीज उतरवलेली असावी, हे शिक्षकांनी स्वतः उभे राहून पाहिले पाहिजे.

माझ्याजवळ सहा वर्षांच्या चार वह्या आहेत. त्यांत वर लिहिलेल्या प्रसंगांशिवाय इन्व्हर्टरच्या बॅटरीतील पाण्याची घनता, विजेचा दाब आणि उन्हाळ्यातील तापमान यांच्या रोजच्या नोंदी आहेत, आणि ज्यांचे कारण मला अजून सापडलेले नाही असे सात बिघाडही आहेत. भुसावळ व परिसरातील कोणत्याही शाळेला त्यांच्या छायाप्रती देण्यास आणि सुट्टीच्या दिवशी तेथे जाऊन मुलांसोबत बसण्यास मी तयार आहे. माझा पत्ता आपल्या कार्यालयात नोंदवून ठेवला आहे. ते सात बिघाड मी लाल शाईने लिहिले आहेत. सुरुवात त्यांच्यापासूनच करावी, अशी माझी इच्छा आहे.

आपला नम्र,
एक वाचक, भुसावळ